कागद मागणारा माणूस : इतिहासाचार्य राजवाडे

हल्ली एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं. सगळे खोटंच बोलतात! न्यूज चॅनेलवाले विकले गेलेत, पेपरवाले कुणाच्या ना कुणाच्या खिशात आहेत आणि इतिहासाच्या पुस्तकाचं तर काय, सरकार बदललं की धडा बदलतो. कट्ट्यावर, मेसमध्ये, ट्रेनमध्ये हा विषय निघाला की सगळ्यांचं लगेच एकमत होतं. आणि गंमत बघा, हे सगळं बोलून झालं की आपल्यातलाच कुणीतरी मोबाईल काढतो आणि ‘खरा इतिहास’ म्हणून आलेला फॉरवर्ड मोठ्याने वाचून दाखवतो. त्याच्याखाली ना लिहिणाऱ्याचं नाव, ना तारीख, ना पुरावा!

मित्रांनो, अविश्वास वाटण्यात वाईट काहीच नाही. प्रश्न असा आहे की अविश्वास वाटल्यावर पुढे करायचं काय? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात एका माणसाला असाच अविश्वास वाटला. शाळेत शिकवलेल्या इतिहासाबद्दल वाटला, इंग्रज साहेबाने लिहिलेल्या पुस्तकांबद्दल वाटला आणि आपल्याच लोकांनी लिहिलेल्या बखरींबद्दलही वाटला. पण तो नुसता कट्ट्यावर बोलत बसला नाही. तो गावोगाव फिरला, माळ्यांवर चढला, धुळीत बसला आणि कागद गोळा केले. त्यांचं नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. लोक त्यांना इतिहासाचार्य म्हणतात.

आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना हे नाव शाळेत कधी भेटलं नाही. आमचा इतिहास इंग्रजीतून, तोही ‘गिव्ह रीझन्स’ आणि ‘फिल इन द ब्लँक्स’मधून झाला. तो कुणी शोधून काढला, कशावरून काढला, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. राजवाड्यांचं मराठी वाचायला मला सुरुवातीला फार जड गेलं, पण एकदा लय सापडली की पुस्तक खाली ठेववत नाही. म्हणून हा लेख.

राजवाड्यांचा जन्म १८६३ सालचा. वडील ते अगदी लहान असतानाच वारले. घरची परिस्थिती बेताची. नातेवाइकांच्या आधाराने ते पुण्याकडे वाढले, शिकले. पेशवाई बुडून तेव्हा अर्धशतक होऊन गेलं होतं. ज्यांनी पेशवाई डोळ्यांनी पाहिली ती पिढी संपत आली होती आणि नव्या पिढीला आपल्या आजोबा-पणजोबांची गोष्ट शाळेच्या पुस्तकातून कळत होती. ते पुस्तक मुळात कुणाचं होतं? तर ज्यांनी राज्य घेतलं त्यांच्या एका अधिकाऱ्याचं!

त्या अधिकाऱ्याचं नाव जेम्स ग्रँट डफ. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला हा कॅप्टन १८१८ नंतर साताऱ्याला कंपनीचा प्रतिनिधी होता. त्याने मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लिहिला आणि तो १८२६ साली लंडनमध्ये छापला गेला. चारेक वर्षांत डेव्हिड केपन नावाच्या दुसऱ्या कॅप्टनने त्याचं मराठी भाषांतर केलं आणि शाळांत शिकवला जाणारा इतिहास त्यावरून तयार झाला. आता डफ खोटारडा होता असं मुळीच नाही. त्याने पुष्कळ कागद जमवले होते, माहितगार लोकांना विचारलं होतं, मेहनत घेतली होती. पण तो जिंकलेल्या बाजूचा माणूस होता आणि त्याला जे दिसलं ते त्या खुर्चीवरून दिसलं. मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीच्या वाळलेल्या गवताला लागलेल्या वणव्यासारखी अचानक घडलेली गोष्ट, असं चित्र त्याच्या पुस्तकातून उभं राहतं. वणवा लागतो, पेटतो आणि विझतो. त्याच्यामागे विचार नसतो, योजना नसते. असं चित्र वाचणाऱ्या मुलाला आपल्या पूर्वजांबद्दल काय वाटेल?

याच्याविरुद्ध पहिला आवाज उठवणारे राजवाडे नव्हेत. १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या विशीतल्या तरुणाने पुण्यात तरुण मंडळींच्या एका सभेत डफवर टीका करणारा निबंध वाचला. पुढे १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघाली. १८७८ मध्ये ‘काव्येतिहास-संग्रह’ हे मासिक सुरू झालं आणि जुन्या बखरी, जुनी पत्रं छापून लोकांपुढे येऊ लागली. राजवाडे याच हवेत वाढले. १९०० साली न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर इंग्रजीतून पुस्तक लिहिलं आणि हा उदय हा अपघात नव्हता, हे मांडलं. म्हणजे डफला उत्तर देणारे बरेच होते. राजवाड्यांचं वेगळेपण हे की उत्तर देण्याच्या आधी त्यांनी पुरावा जमवायला घेतला.

कॉलेजात राजवाडे काही आदर्श विद्यार्थी नव्हते, हे वाचून आपल्यापैकी अनेकांना बरं वाटेल. मॅट्रिकनंतर बी.ए. व्हायला त्यांना सात-आठ वर्षं लागली. मुंबईला थोडा काळ एल्फिन्स्टन कॉलेज, मग पुण्याचं डेक्कन कॉलेज. नेमलेली पुस्तकं घोकायचा त्यांना मनस्वी कंटाळा. लायब्ररीत बसून मनाला येईल ते वाचायचं आणि तालमीत जाऊन शरीर कमवायचं, हा त्यांचा खरा अभ्यासक्रम. पुढे त्यांनी आपल्या शाळा-कॉलेजातल्या अनुभवांवर एक सविस्तर लेख लिहिला. त्यात शिक्षणपद्धतीचे त्यांनी जे वाभाडे काढले ते आजच्या कुठल्याही सेमिस्टरवाल्याने वाचावेत. १८९० च्या सुमाराला ते पदवीधर झाले. काही काळ शिक्षकाची नोकरी केली. लग्न झालं होतं, पण पत्नी लवकर वारली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. नोकरीही टिकवली नाही. ‘भाषांतर’ नावाचं एक मासिक काढलं, त्यातून प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चा मराठी अनुवाद दिला, पण ते मासिकही दोन-तीन वर्षांतच बंद पडलं. एक गोष्ट मात्र त्यांनी ठरवली ती कायमची. लिहायचं ते मराठीतच. इंग्रजी उत्तम येत होतं, पण इंग्रजीत लिहायचं नाही. नाव जगभर झालं नाही तरी चालेल!

आता १८९७ साल बघा. पुण्यात प्लेग, प्लेग कमिटीच्या सोजिरांची घरोघर झडती आणि २२ जूनला रँडवर गोळ्या. त्याच्या थोडे दिवस आधी पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला होता आणि त्यात अफझलखानाच्या वधावर भाषणं झाली होती. ती ‘केसरी’त छापून आली. मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांनी भाषणं आणि खून यांची सांगड घातली आणि काहूर उठवलं. जुलैमध्ये टिळकांना अटक झाली आणि सप्टेंबरात राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा. म्हणजे सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका घटनेचा अर्थ काय लावायचा, यावरून माणूस तुरुंगात गेला. इतिहास आणि राजकारण आणि छापखाना यांची गाठ आजचीच नाही, मित्रांनो!

याच्या दुसऱ्याच वर्षी, १८९८ मध्ये, राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड बाहेर आला. वाईला जुन्या कागदांचा मोठा साठा हाती लागला होता. त्यातली १७५० ते १७६१ या काळातली पत्रं त्यांनी या खंडात छापली आणि त्यांना लांबलचक प्रस्तावना जोडली. १७६१ म्हणजे पानिपत. मराठी माणसाच्या मनातली सगळ्यात दुखरी जागा.

पानिपतबद्दल तोपर्यंत लोकांना जे माहीत होतं ते मुख्यतः दोन ठिकाणांहून. एक डफ आणि दुसरं बखरी. बखरी सुंदर असतात, वाचताना रंगून जायला होतं. पण त्या बहुधा घटनेनंतर बऱ्याच काळाने, कुणाच्या तरी सांगण्यावरून, ऐकीव माहितीवर लिहिलेल्या. त्यांत नायक असतात, खलनायक असतात, शकुन-अपशकुन असतात, मोठमोठे आकडे असतात. भाऊसाहेब गर्विष्ठ होते म्हणून हरलो, अमक्याचा सल्ला ऐकला नाही म्हणून हरलो, अशी कारणं असतात. राजवाड्यांनी पत्रं पुढे ठेवली. सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेल्या पत्रांत काय आहे? पैसा पाठवा, धान्य पाठवा, अब्दालीची रसद तोडा. पुन्हा पैसा, पुन्हा धान्य. पत्रामागून पत्र तेच. नद्यांना पाणी, वाटा बंद, तिजोरी रिकामी. म्हणजे सरदारांच्या मानापमानाच्या गोष्टीमागे एक अख्खी सप्लाय चेन कोसळताना दिसते. १४ जानेवारी १७६१ ला जे झालं त्याची तयारी आधीचे कित्येक महिने त्या पत्रांत दिसत होती.

ही पत्रं लिहिणाऱ्याला पुढे काय होणार हे माहीत नव्हतं. हीच त्यांची किंमत! बखर लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो, म्हणून तो पहिल्या पानापासून त्या शेवटाची तयारी करतो. आजचे चॅनेलवाले निकाल लागल्यावर, हे असंच होणार होतं, म्हणून जे सांगतात ना, तसंच. म्हणून राजवाडे प्रसंगाच्या वेळी लिहिलेल्या साध्या चिठ्ठीला मागाहून लिहिलेल्या मोठ्या ग्रंथापेक्षा जास्त मान देत.

लोकांच्या मनात गोष्ट कशी तयार होते याचा एक नमुना पानिपतातूनच मिळतो. भाऊसाहेब रणात पडले, पण ते जिवंत आहेत अशी आशा पुष्कळांना होती. काही वर्षांनी एक माणूस मीच भाऊ म्हणून पुढे आला आणि त्याला मानणारे हजारो निघाले. तोच तो प्रसिद्ध तोतया. त्याला कैदेत टाकलं तरी प्रकरण मिटलं नाही. तो सुटला, त्याने बंड केलं आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. लढाईनंतर पंधरा वर्षं ही अफवा जिवंत होती. तेव्हा ना टीव्ही होता, ना व्हॉट्सअ‍ॅप. लोकांना जे हवं असतं त्यावर लोक विश्वास ठेवतात, एवढंच.

आता कागद मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. खरं काम तिथून सुरू होतं आणि हा भाग आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना विशेष आवडेल. पत्रं मोडीत लिहिलेली. अक्षरांना अक्षरं जोडलेली, मध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. तारीख बघावी तर ‘छ’ आणि पुढे एक आकडा आणि मुसलमानी महिन्याचं नाव. छ म्हणजे चंद्र. वर्ष बहुतेक वेळा नाहीच. जिथे आहे तिथे ते अरबी शब्दांत. उदाहरणार्थ, ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे १, सितैन म्हणजे ६०, मया म्हणजे १०० आणि अलफ म्हणजे १०००. बेरीज ११६१. हा शुहूर सन. यात ५९९ मिळवले की १७६० येतात. पण हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे जूनच्या आसपास सुरू होतं. म्हणून जानेवारीनंतरच्या पत्राला ६०० मिळवायचे. तेव्हा ११६१ म्हणजे १७६०-६१, पानिपताचंच वर्ष! एका वर्षाची चूक झाली तर लढाईच्या आधीचं पत्र नंतरचं होतं आणि सगळा अर्थ उलटा होतो. ज्या पत्रावर वर्षच नाही त्याचं वर्ष आतल्या मजकुरावरून काढायचं. कोण कुठे मुक्कामाला आहे, कुणाच्या मृत्यूचा उल्लेख आहे, त्या महिन्यात त्या तिथीला वार कुठला येतो, सगळं जुळवून बघायचं. कॅल्क्युलेटर नाही, कॉम्प्युटर नाही. नुसतं पंचांग, कागद आणि डोकं.

अजून एक. तीन बखरींत एकच गोष्ट सापडली म्हणजे तीन पुरावे झाले का? आपल्या लॅबमध्ये एका जर्नलातलं रीडिंग चुकलं की ती चूक सगळ्या बॅचच्या जर्नलांत उतरते. सर ती चूक बघून लगेच ओळखतात की वीस जणांनी प्रयोग केला नाही, एकाने केला आणि एकोणीस जणांनी उतरवला. इतिहासातही तसंच आहे. चूक सारखी असेल तर मूळ एकच. आणि बातम्यांतही तसंच आहे. दहा चॅनेलवर तीच चूक दिसली तर दहा बातमीदार तिथे गेले होते असं समजायचं कारण नाही.

कागद मिळवणं म्हणजे तर दिव्यच. जुन्या सरदार-कारकुनांच्या, कुलकर्णी-देशमुखांच्या वाड्यांत ही दप्तरं पडलेली. कुठे रुमालात बांधून माळ्यावर, कुठे पावसाने भिजलेली, कुठे वाळवीने खाल्लेली. कुठे वाण्याच्या दुकानात रद्दी म्हणून गेलेली आणि पुड्या बांधून संपत आलेली. मालकांना विचारावं तर ते घाबरायचे. या कागदांवरून जमिनीचा वाद निघाला तर? इनाम गेलं तर? भाऊबंद कोर्टात गेले तर? राजवाडे थोडंसं सामान घेऊन हिंडायचे, स्वतःच्या हाताने स्वयंपाक करायचे, वेळ पडली तर मैलोगणती पायी चालायचे. स्वभाव तापट आणि हट्टी. कुणी अडवलं तर भांडण, पण दप्तर बघितल्याशिवाय गावातून हलायचं नाही. ना फेलोशिप, ना पगार. छापायला पैसे नसत. कधी कुणी देणगी दिली, कधी एखाद्या मासिकाने जागा दिली आणि असं करत करत या मालेचे एकूण २२ खंड निघाले. ते एकाच ठिकाणी, एकाच प्रकाशकाने छापलेले नाहीत, यावरूनच त्यांची धडपड कळते.

सगळ्यात मोठा साठा, पेशवे दप्तर, पुण्यातच होता. पण तो सरकारच्या ताब्यात. संशोधकांना तो मोकळेपणाने बघायची मुभा नव्हती. म्हणजे आपल्याच गावातले, आपल्याच पूर्वजांचे कागद आणि आपल्यालाच कुलूप! अशा वेळी सरकार लपवतंय म्हणून नुसती ओरड करता आली असती. राजवाड्यांनी खासगी घरांची दारं ठोठावली.

एकट्याने हे पुरं होणार नाही हेही त्यांना कळत होतं. ७ जुलै १९१० रोजी सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या साथीने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. ठिकठिकाणच्या लोकांनी सापडलेला कागद आणावा, सगळ्यांपुढे वाचावा, बाकीच्यांनी त्यावर शंका घ्याव्यात आणि मग तो छापावा, अशी ही पद्धत. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटा सगळ्यांसाठी खुला. पुढे राजवाड्यांचे मंडळाशीच मतभेद झाले आणि ते दूर झाले, पण मंडळ चालू राहिलं.

त्यांचं काम फक्त मराठेशाहीपुरतं नव्हतं. महानुभाव पंथाच्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहिलेल्या असत, बाहेरच्या माणसाला वाचता येत नसत. त्यातली ‘सकळ’ लिपी राजवाड्यांनी उलगडली आणि जुन्या मराठीचा एक मोठा खजिना उघडा झाला. ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत त्यांना मिळाली. ती एकनाथांनी पाठ शुद्ध करण्याच्याही आधीची आहे असं त्यांचं म्हणणं. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली आणि तिच्या भाषेचं व्याकरणही लिहिलं. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीचा ‘राधामाधवविलासचंपू’ त्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला, तर १९२४ मध्ये उत्तर कोकणच्या इतिहासाची ‘महिकावतीची बखर’.

इथे थांबलो असतो तर हाही एक ठरावीक ‘थोर पुरुष’ छापाचा लेख झाला असता. पण ज्याने आयुष्यभर पुरावा मागितला त्याच्याबद्दल लिहिताना अर्धीच बाजू सांगणं बरोबर नाही.

राजवाडे स्वतः पूर्वग्रहापासून मुक्त नव्हते. समाज कसा चालला, कुणामुळे चालला, हे सांगताना त्यांचं लिखाण पुष्कळदा ब्राह्मणांच्या बाजूने झुकतं. इतर जातींबद्दलची त्यांची काही विधानं आज वाचवत नाहीत. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाबद्दल त्यांनी जे लिहिलं त्यावरून तर वादळच उठलं. प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ हे पुस्तक लिहून त्यांना आणि मंडळाला सडेतोड उत्तर दिलं. ज्ञानेश्वरीची प्रत खरोखर तेवढी जुनी आहे का, यावर विद्वानांचे वाद झाले. त्यांनी छापलेल्या काही पत्रांच्या अस्सलपणाबद्दलही पुढच्या संशोधकांनी शंका घेतल्या. शब्दांच्या व्युत्पत्ती लावताना तर ते कधी कधी इतके सुसाट सुटायचे की पुरावा मागे राहायचा.

मग काय, तेही इतरांसारखेच? नाही! फरक इथेच आहे. राजवाड्यांनी मतं मांडली तसे कागदही छापले. त्यामुळे त्यांच्या मतांशी भांडायला लागणारं हत्यार त्यांनीच लोकांच्या हातात दिलं. प्रस्तावना पटली नाही तर ती बाजूला ठेवा, पुढची पत्रं तर आहेत! पुढच्या संशोधकांनी नेमकं तेच केलं. त्यांचे निष्कर्ष खोडले आणि त्यांचेच खंड वापरून नवा इतिहास लिहिला. माझ्यापुरतं तरी विश्वासाचं माप हेच आहे. समोरचा निःपक्षपाती आहे का, हे विचारण्यात फारसा अर्थ नाही, कारण तसं कुणीच नसतं. आपलं म्हणणं तपासता येईल अशी सोय तो ठेवतो का, हे विचारावं. फॉरवर्ड ही सोय ठेवत नाही. स्टुडिओतली आरडाओरड ठेवत नाही. आणि खरं सांगायचं तर आपली पाठ्यपुस्तकंही फारशी ठेवत नाहीत. शिवाजी महाराज आग्र्याहून सुटले हे आपल्याला शिकवतात, पण हे आपल्याला कुठल्या पत्रांवरून, कुणाच्या नोंदींवरून कळतं, हे शिकवत नाहीत. म्हणून मग उद्या कुणी दुसरी गोष्ट जोरात सांगितली की पहिली सोडून आपण दुसरी धरतो. दोन्ही पाठच केलेल्या!

राजवाड्यांना आपल्या बाजूच्या लोकांना दुखवायचीही भीती नव्हती. भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावर त्यांनी लेख लिहायला घेतले तेव्हा जुन्या संस्कृत ग्रंथांतलेच आधार देऊन त्यांनी दाखवलं की स्त्रीपुरुषसंबंधांचे नियम कायमचे एकसारखे कधीच नव्हते, ते बदलत आले आहेत. सनातनी मंडळी खवळली. आपलाच माणूस असं लिहितो? पण जो माणूस डफला कागद मागतो, त्याने आपल्या पूर्वजांच्या बाबतीत डोळे झाकायचे का? हा प्रामाणिकपणा त्यांना सगळीकडे दाखवता आला नाही, हे वर आलंच आहे. जिथे दाखवला तिथे मात्र किंमत मोजून दाखवला.

शेवटची वर्षं त्यांनी धुळ्यात काढली. समर्थ वाङ्मयाचे अभ्यासक शंकर श्रीकृष्ण देव यांच्यासारखी माणसं तिथे होती. शब्दांचे, धातूंचे कोश करायचं काम चालू होतं. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचं निधन झालं. घर नाही, इस्टेट नाही. मागे राहिले ते कागदांचे ढीग आणि टिपणांच्या वह्या. दुसऱ्याच महिन्यात, जानेवारी १९२७ मध्ये, धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केलं आणि ते कागद सांभाळले. त्यांचा धातुकोशही याच मंडळाने प्रसिद्ध केला.

त्यांच्या हयातीत बंद राहिलेलं पेशवे दप्तरही अखेर उघडलं. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत छापून निघाले. राजवाडे ते बघायला नव्हते.

मित्रांनो, आपण सगळे काही इतिहाससंशोधक होणार नाही. पण मोडी शिकवणारे वर्ग आजही भरतात आणि न वाचलेल्या मोडी कागदांचे ढीग आजही दप्तरखान्यांत पडून आहेत. ज्याला सुट्टीत काहीतरी वेगळं करायचंय त्याने विचार करावा. आणि ज्याला तेवढा वेळ नाही त्याने निदान तीन प्रश्न विचारायची सवय लावावी. हे कुणी लिहिलं? कधी लिहिलं, घटनेच्या वेळी की नंतर? आणि ते त्याला कसं कळलं? आपल्याला न आवडणारी गोष्ट कुणी सांगितली की हे प्रश्न आपोआप तोंडावर येतात. खरी परीक्षा असते ती आवडणारी गोष्ट समोर आल्यावर. पुढचा ‘खरा इतिहास’ मोबाईलवर येईल आणि वाचून छाती फुगेल, तेव्हा हे तीन प्रश्न विचारून बघा. उत्तर मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं, तर फॉरवर्डचं बटण दाबू नका. एवढं तर जमेल ना?